तुम्ही विचारलंत म्हणून: जे-झी आजही का ऐकायचा?

जो स्वतः अब्जाधीश झाला आहे, त्याच्या तोंडून वस्तीतल्या हलाखीची गाणी खरी कशी वाटतात, असे मला अमेरिकन रॅपर जे-झीबद्दल वारंवार विचारले जाते. माझे उत्तर असे की, पैसा आल्यावर त्याने गरिबीचे सोंग घेतले नाही. त्याचे आयुष्य बदलले तसे त्याच्या गाण्यांचे विषयही बदलले, आणि हिप-हॉपच्या मुख्य प्रवाहात हे फार थोड्यांना साधले आहे.

तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील मार्सी या सरकारी वसाहतीत वाढला आणि तरुणपणी क्रॅक कोकेन विकत असे, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी दाद दिली नाही, तेव्हा डेमन डॅश आणि करीम बर्क यांच्यासह त्याने ‘रॉक-अ-फेला’ ही कंपनी काढली. तिच्यातर्फे १९९६ साली आलेल्या ‘रीझनेबल डाउट’ या पहिल्या अल्बममध्ये पैशाची हाव जितकी आहे, तितकीच तो ज्या मार्गाने आला त्याची बोचणीही आहे. दोनच वर्षांनी, ब्रॉडवेवरील ‘ॲनी’ या संगीतिकेतील अनाथ मुलींचे समूहगीत ज्याच्या शीर्षकगीतात गुंफले होते, त्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत ५० लाखांवर प्रती खपल्या.

२००३ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, पुढे ‘डेफ जॅम’ कंपनीचे अध्यक्षपद सांभाळले आणि २००६ मध्ये तो परतला. तो पुनरागमनाचा अल्बम मला पोकळ वाटतो.

मात्र २०१७ मधील ‘४:४४’ या अल्बमने माझे मत पक्के केले. सुरुवातीच्या अनेक गाण्यांत स्त्रियांविषयी जी तुच्छता आहे तिचे समर्थन होऊच शकत नाही; परंतु तोच माणूस ४७व्या वर्षी, नो आय. डी. या निर्मात्याच्या संथ, जुन्या सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावोत्कट) संगीतावर बेतलेल्या चालींवर, पत्नीशी केलेल्या प्रतारणेबद्दल उघडपणे क्षमा मागतो, आणि आपली आई समलिंगी आहे व तिला ते वर्षानुवर्षे लपवावे लागले, हे अभिमानाने सांगतो. आईविषयीच्या त्या गाण्याच्या शेवटी त्याची आई ग्लोरिया कार्टर यांचा स्वतःचा आवाज येतो. तरुणांच्या बढाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या या कलेत प्रौढ माणसाच्या पश्चात्तापालाही जागा आहे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले असेल. म्हणून तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर मधले सारे तूर्त बाजूला ठेवून ‘रीझनेबल डाउट’ आणि ‘४:४४’ हे दोन अल्बम लागोपाठ ऐकावेत, असे मी आग्रहाने सुचवेन.