पन्नास पौंडांतल्या राण्या

"तुमच्याकडे जुन्या वास्तूंची फार आबाळ होते," असं भारत फिरून आलेला एक इंग्रज सहकारी मला सहज बोलून गेला. त्याचं खोटं नाही, पण झोंबलं.

लंडनमध्ये आमच्या ऑफिसजवळ न्यूगेट स्ट्रीटवर एक गुलाबाची बाग आहे. दुपारी लोक तिथे सँडविच खात बसतात. ही जागा म्हणजे एकेकाळचं ग्रेफ्रायर्सचं चर्च. करड्या झग्यातल्या फ्रान्सिस्कन साधूंनी चौदाव्या शतकात ते बांधलं, सुमारे 300 फूट लांब. लंडनमध्ये सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या खालोखाल मोठं. पहिल्या एडवर्डची राणी मार्गारेट इथे पुरलेली. दुसऱ्या एडवर्डची इझाबेलाही इथलीच. जिने नवऱ्याला गादीवरून खाली खेचलं, तिच्याच थडग्यात म्हणे त्याचं काळीज ठेवलं होतं!

1538 मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला. पुढे सर मार्टिन बोझ या सोनाराने (हा गृहस्थ लंडनचा महापौरही झाला) आतली संगमरवरी-अलाबास्टरची दहा थडगी आणि 140 कबरीचे दगड विकून टाकले. किती रुपयांना, सॉरी, पौंडांना? सगळे मिळून पन्नासेक! जॉन स्टो या इतिहासकाराने 1598 मध्ये हे लिहून ठेवलंय. 1666 ची आग, मग वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनने बांधलेलं नवं चर्च, 1940 च्या डिसेंबरात जर्मन बॉम्ब, हे सगळं समजू शकतं. पण आपल्याच राण्यांची थडगी आपल्याच माणसाने भंगारासारखी फुंकावी?

आणि आमच्याकडे बघा. जुन्या गोव्यातलं सेंट ऑगस्टीन चर्चही पडकंच, अर्धा मनोरा उरलाय. पण तिथे पुरातत्त्व खात्याने जुने पोर्तुगीज कागद धुंडाळत जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष शोधले, हैदराबादला डीएनए तपासला आणि 2021 मध्ये त्यातला भाग सन्मानाने जॉर्जियाला दिला. परक्यांची राणी, बरं का!

एक मात्र मानावं लागेल. कोण कुठे पुरलंय याची नोंदवही ग्रेफ्रायर्सच्या साधूंनी ठेवली होती, सहाशेहून अधिक नावांची, आणि ती आजही टिकून आहे. आपल्या गावोगावच्या वीरगळांवर बहुतेकदा अक्षरसुद्धा नसतं. शेंदूर फासून का होईना, आपण ते उभे ठेवलेत. निदान विकले तरी नाहीत.