कडी लावली की पाणी

सोमवार

रात्री निवांत होऊन झोप लागावी म्हणून धरलेला नवा नेम बहुतेक वेळा घड्याळामुळे मोडतो. रोज रात्री बरोबर ९ वाजता करायचं असं ठरवलं, की नेमकं नऊला काहीतरी निघतं, साडेनऊला "राहू दे, उद्या बघू" होतं आणि चौथ्या दिवशी त्याची आठवणही राहत नाही. त्यापेक्षा न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाच्या शेपटीला नेम बांधावा. दात घासून झाले की, दाराला कडी लावली की, ओट्यावरचा दिवा मालवला की. "कडी लावली की पाय बुडवायला टबात पाणी" एवढं ठोस. "निवांत झाल्यावर" हे ठोस नव्हे, कारण निवांतपणा मिळावा म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

२१ दिवसांत सवय लागते हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की बाविसाव्या दिवशी अंगवळणी पडलं नाही तर माणूस स्वतःलाच दोष देतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी १२ आठवडे तपासल्या, तेव्हा मधला आकडा (मध्यक) ६६ दिवसांचा आला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. म्हणजे नव्याचे नऊ दिवस सरल्यावरच खरं काम सुरू होतं. दहाव्या दिवशी कंटाळा येणार हे गृहीत धरूनच नेम निवडावा, अगदी आजारी नसलेल्या कुठल्याही वाईट दिवशीसुद्धा करता येईल इतका लहान.

मंगळवार

आज पायांबद्दल, सविस्तर. रात्री कोमट पाण्यात पाय सोडून बसणं हा सगळ्यांत कमी कटकटीचा नेम आहे, आणि सगळ्यांत जास्त चुकीच्या पद्धतीने केला जाणाराही.

यातली गंमत अशी की पाय गरम केल्याने झोप येते ती शरीर आतून थंड होतं म्हणून. झोपेची वेळ जवळ आली की शरीराच्या गाभ्याचं तापमान उतरू लागतं, आणि ती उष्णता बाहेर टाकायचा मोठा रस्ता म्हणजे तळहात-तळपायांची त्वचा. पाय गारठलेले असतील तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि रस्ता बंद असतो. कोमट पाण्याने त्या रुंदावतात, रक्त तळव्यांकडे धावतं आणि पाय पुसल्यानंतरही उष्णता बाहेर पडत राहते. हात-पाय उबदार असले की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवलं होतं.

म्हणूनच वेळ महत्त्वाची. अंथरुणात शिरण्याआधी एक ते दोन तास. पाय पुसून लगेच पाठ टेकली, तर गाभा थंड व्हायला सवड मिळत नाही आणि "माझ्या बाबतीत काही उपयोग नाही" असा निकाल लागतो.

टब असा हवा की दोन्ही पाऊल सपाट टेकतील: आतून ४० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर खोल. बादली नको. तिच्या बुडाशी बोटं मुडपून बसावं लागतं, पोटऱ्या ताणलेल्या राहतात आणि पंधरा मिनिटांत गोळा येतो. पाणी घोट्याच्या वर चार बोटं यावं, त्याला साधारण १० ते १२ लिटर लागतं. आधी गार, मग गरम ओतायचं आणि हाताने ढवळायचं. न ढवळलेल्या पाण्यात वरचा थर चटका देतो आणि तळाचं कोमटच राहतं. तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास. ४२च्या पुढे नाही. तिथे घाम सुटतो, नाडी वाढते आणि उलट तरतरी येते.

पाणी किती गरम आहे हे पायाला विचारू नये. गारठलेल्या पायाला ३६ अंशाचं पाणीसुद्धा कढत वाटतं आणि पाच मिनिटांनी तोच पाय ४३ अंशही चालवून घेतो. थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर कोपर बुडवावं.

उथळ टबातलं पाणी लवकर निवतं. शेजारी लिटरभर जास्त गरम पाणी झाकून ठेवलेलं बरं. १२ लिटर पाणी ३८वर उतरलं असेल, तर ६० अंशाचं १ लिटर घातल्याने ते ३९.७च्या जवळ येतं, तेवढं पुरतं. घालताना पाय बाहेर. हा एक नियम आळसाने मोडला जातो आणि पायावर फोड येतात ते बहुधा असेच.

पंधरा मिनिटं झाली की पाय पुसायचे. पाऊल नीट पुसलं जातं, बोटांच्या बेचक्या मात्र ओल्याच राहतात. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली जागा सगळ्यांत अरुंद, आणि बुरशी धरते ती तिथेच. टॉवेलचं टोक एकेका बेचकीतून ओढून काढायचं, घासायचं नाही. भिजलेली कातडी मऊ झालेली असते, सोलवटते. मग सैल मोजे. उठताना घाई नको, रक्त पायांत उतरलेलं असतं, त्यामुळे क्षणभर अंधारी येऊ शकते.

पाण्यात मीठ, फुलं, सुगंधी थेंब काय घालायचं ते घालावं. मनाला बरं वाटतं, पण काम उष्णता करते. फोन मात्र दुसऱ्या खोलीत. तो हातात असेल तर पाय विश्रांती घेतात आणि डोकं कामावरच असतं.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी हा नेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. भाजल्याचं त्यांना कळतच नाही. उघडी जखम असेल तरी नाही.

गुरुवार

बुधवारची नोंद राहिली. राहू दे.

श्वास. "दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला अर्धवट आहे. दीर्घ म्हटलं की लोक छाती फुगवून भरमसाट हवा ओढतात, आणि मिनिटाभरात ओठांना, बोटांच्या टोकांना मुंग्या येऊन गरगरायला लागतं. हवा कमी पडली म्हणून नव्हे, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर गेला म्हणून. श्वास मोठा नको, हळू हवा.

४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, दोन्ही नाकाने. एक फेरा १० सेकंदांचा, मिनिटाला ६ फेरे, पाच मिनिटांत ३०. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. ही लय सगळ्यांत असते, पण मिनिटाला सहाच्या आसपास ती सर्वाधिक ठळक होते. सोडण्याला थोडा जास्त वेळ द्यायचा तो याच उताराला सवड मिळावी म्हणून.

मोजायला यंत्र नको. हाताची दहा बोटं, दर श्वासाला एक मिटायचं, असं तीनदा. मनात सेकंद मोजताना वेग नकळत वाढतो, म्हणून पहिल्या आठवड्यात घड्याळाच्या टिकटिकीवर मोजलेलं बरं. एक हात बेंबीवर ठेवावा. श्वास घेताना तो हात हलायला हवा, खांदे नाही. सहा सेकंदांत दम लागत असेल तर ३ आणि ४ वर यावं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघावं. ओढून-ताणून सहा गाठण्यात काही शहाणपण नाही. आणि बसून करावं. आडवं पडून केलं तर बाराव्या फेऱ्यालाच घोरणं सुरू होतं. झोपच हवी असेल तर ठीक.

शुक्रवार

स्नायू सैल सोडायचा नेम एडमंड जेकबसन यांच्या नावाने ओळखला जातो. एकेक भाग ५ ते ७ सेकंद आवळायचा, २० ते ३० सेकंद मोकळा सोडायचा. मुठी, दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. ताकदीच्या निम्म्याने आवळायचं. पोटऱ्यांच्या वेळी पायाची बोटं पुढे ताणू नयेत, स्वतःकडे ओढावीत. पुढे ताणली की गोळा आलाच. सगळं करायला वेळ नसेल तर जबडा आणि खांदे तेवढे पुरे. दिवसभराची आवळण तिथेच असते.

शनिवार

लिहिण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते.

एक, मनात खोल रुतलेलं लिहून काढणं. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगातून पुढे आलेली पद्धत: सलग चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, शुद्धलेखनाची पर्वा न करता. यात लिहून झाल्यावर लगेच मन हलकं होत नाही, बऱ्याचदा जडच होतं, उतार नंतर येतो. त्यामुळे ते झोपण्यापूर्वी मुळीच नको. संध्याकाळच्या आत, आणि नंतर अर्धा तास हाताशी दुसरं साधं काम ठेवून. फार ताजा किंवा फार मोठा आघात असेल तर एकट्याने उकरू नये, समुपदेशकासोबत करावं.

दुसरा प्रकार कोरडा: उद्याच्या कामांची यादी. हा अंथरुणाशेजारचा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. "बँकेचं बघणे" असं लिहिलं तर डोकं ते रात्रभर बघत बसतं. "सकाळी ११ला फोन, पासबुक सोबत" असं लिहिलं की ते कागदावर राहतं. कागद आणि पेन्सिलच. फोनवर यादी लिहायला गेलं की यादीच्या आधी तीन निरोप वाचून होतात.

रविवार

एखादा दिवस चुकला तर काय? लॅलींच्याच अभ्यासात एखादी खेप चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. नेम मोडतो तो दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करायच्या नादात. अर्ध्या तासाचं ओझं दिसलं की टाळाटाळ सुरू. भरपाई करायचीच नाही.

प्रवास, पाहुणे, पाणी नाही, अंगात कणकण, अशा दिवसांसाठी प्रत्येक नेमाची मिनिटाभराची आवृत्ती आधीच ठरवून ठेवावी. पायांसाठी: ओला कोमट टॉवेल तळव्यांना गुंडाळून मोजे. श्वासाचे ६ फेरे. यादीत फक्त उद्याचं पहिलं काम.

आणि तीन महिन्यांहून जास्त काळ आठवड्यातल्या तीन-चार रात्री झोप लागत नसेल, किंवा दोन आठवडे सतत उदास वाटून कशातच रस उरला नसेल, तर टब बाजूला ठेवून आधी डॉक्टरांची वेळ घ्यायची. जाताना झोपेच्या वेळांची नोंद सोबत न्यावी. किती वाजता आडवं पडलो आणि झोप कधी लागली, हे ते पहिल्यांदा विचारतील.