काळ्या दाराशी पुस्तक अन् पिक्चर वेगळे झाले: हाउल रीवॉचचा अपडेट

तर सध्या 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' दोन्ही बाजूंनी चालू आहे, म्हणजे डायना विन जोन्सची 1986 ची कादंबरी आणि जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा 2004 चा अ‍ॅनिमेशन पिक्चर. पद्धत साधी, दोन-तीन चॅप्टर वाचायचे, मग पिक्चर तिथपर्यंत पाहायचा आणि पॉज. जळगावात या दिवसांत दुपारी बाहेर पडायची सोय नाही त्यामुळे वेळच वेळ आहे, फक्त कूलरच्या घरघरीत पिक्चरचा संगीतकार जो हिसाइशी याचं ते वॉल्ट्झ ऐकू येत नाही म्हणून हेडफोन लावते, मग घरच्यांच्या हाका ऐकू येत नाहीत आणि त्यावरून जे व्हायचं ते होतं.

दहाव्या चॅप्टरपर्यंत गाडी बरी चालली. टोप्यांचं दुकान, तिथल्या तरुण सोफीला म्हातारी करणारा चेटकिणीचा शाप, बुजगावणं, जादूगार हाउलचा चालता किल्ला, चुलीतला अग्निराक्षस कॅल्सिफर. फरक आहेतच, पुस्तकात सोफीला दोन बहिणी आहेत आणि त्या आपापसात जागा बदलतात तो सगळा गोंधळ पिक्चरने उडवला, हाउलचा पंधरा वर्षांचा चेला मायकेल, त्याचा छोटा मार्कल केला, पण कुठल्या पानाला कुठला सीन हे लावता येतं. अकराव्यात हाउल किल्ल्याच्या दाराची चकती (रंग बदलला की दार वेगळ्याच ठिकाणी उघडतं) काळ्या रंगावर फिरवतो आणि माझी सगळी पद्धत कोलमडली.

ज्यांनी फक्त पिक्चर पाहिलाय त्यांनी ऐका, पुस्तकात ते काळं दार वेल्समध्ये उघडतं. आपल्या जगातलं वेल्स! हाउल म्हणजे तिथला हॉवेल जेंकिन्स, रग्बीचं जॅकेट घालून बहिणीच्या घरी जातो, बहीण त्याला झाप झाप झापते की काही कामधंदा करत नाही, आणि तो भाच्याला कॉम्प्युटर गेम देतो ज्यात चार दारांचा मंतरलेला वाडा असतो. 1986 सालच्या पुस्तकात! मी वाचताना एकटीच हसू राहिले होते. एवढा मोठा जादूगार आणि बहिणीसमोर त्याचं काही चालत नाही, हे तर आपल्या घराघरातलं आहे.

आणि पिक्चरमध्ये तेच काळं दार उघडतं युद्धात. जळती शहरं, आकाशभर बॉम्बची विमानं, आणि हाउल पक्षी होऊन त्यात शिरतो. 2003 च्या इराक युद्धाचा राग त्यामागे होता हे मियाझाकीने स्वतः सांगितलंय. पहिल्यांदा पाहिला तेव्हा पुस्तक वाचलेलं नव्हतं त्यामुळे हे खटकलं नाही, आता खटकलं, कारण वेल्स गेलं की हाउलचा तो पळपुटा, नटवा, घरच्यांना तोंड चुकवणारा भाग पण गेला. केसांचा रंग बिघडला म्हणून हिरवा चिकट लगदा गाळतो तो सीन आहे, पण तेवढाच. पिक्चरमधला हाउल फारच हिरो झालाय. माझं मत पुस्तकाच्या बाजूने.

पण सोफीच्या बाबतीत उलट.

पुस्तकात सोफीला स्वतःलाच जादू येते, ती वस्तूंशी बोलते आणि वस्तू ऐकतात, आणि म्हातारपण टिकून राहण्यात तिचाही हात आहे असं पुढे कळतं. नीट समजावलंय. पिक्चर एक शब्द समजावत नाही, नुसतं दाखवतो. सोफी झोपली की चेहरा तरुण. राजवाड्यात राजाची जादूगारीण मॅडम सुलिमानसमोर हाउलची बाजू घेऊन तावातावाने बोलते तेव्हा पाठ सरळ होत जाते, सुरकुत्या जातात, आणि तिला स्वतःला पत्ताही नाही. फुलांच्या माळरानावर तर कमालच आहे, छान तरुण झालेली असते आणि मी काही सुंदर नाही, मला फक्त साफसफाई जमते असं काहीतरी बोलते की बोलता बोलता परत म्हातारी. तो सीन मी मागे घेऊ घेऊ पाहिला. यावेळी जपानी ऑडिओ लावलाय हे बरं केलं, त्यात 18 ची आणि 90 ची सोफी दोन्ही आवाज चिएको बाइशोचेच, त्यामुळे वय कुठल्या शब्दावर बदललं ते कानाला कळत नाही. इंग्लिशमध्ये तरुण सोफी एमिली मॉर्टिमर आणि म्हातारी जीन सिमन्स, दोघी चांगल्या आहेत पण सांधा कळतो.

शापाचा सीन चालू असताना आजी येऊन बसली होती. सोफी आरशात पाहते, थोडी घाबरते, आणि मग स्वतःलाच सांगते की तब्येत बरी आहे, कपडेही शोभू राहिले. आजी म्हणे, "म्हातारी व्हई गई ना ती, मंग रडस काबर नही?" मी म्हटलं पुढे पाहा. तर बसली की राजवाड्याच्या पायऱ्या येईपर्यंत!

त्या पायऱ्यांवर वेगळा लेख होईल. शाप देणारी चेटकीण आणि शाप भोगणारी सोफी, दोघी एकाच जिन्यावर, चेटकिणीची पालखी वाहणारे भोई जादू संपल्याने विरघळून गेलेले, ती घामाने निथळू राहिली, आणि सोफी वर तो धापा टाकणारा कुत्रा उचलून चढते कारण तिला वाटतं हाच वेष पालटलेला हाउल. सोफी मध्येच थांबून चेटकिणीला टोमणा मारते आणि काळजी पण करते. पुस्तकात हे काहीच नाही, तिथे चेटकीण शेवटपर्यंत खलनायिका आहे. आजीचे गुडघे गेलेत, ती पूर्ण वेळ "बैस ना माय, बैस घडीभर" करत होती, आता कोणाला म्हणत होती ते मला कळलं नाही, दोघींनाच असेल.

शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार कायम. पिक्चरभर युद्ध तापवलं आणि शेवटी बुजगावण्याचा राजपुत्र होतो, सुलिमान बसल्या जागी म्हणते की चला हे मूर्ख युद्ध थांबवू, झालं. जोन्सबाई शेवटाला सगळी गाठोडी सोडून प्रत्येक धाग्याचं उत्तर देतात, कवटी कोणाची, कुत्रा झालेला माणूस कोण, सगळं. तिथे पुस्तकाला तोड नाही.

एक गंमत, पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी लिहिलंय की ही कल्पना एका शाळेतल्या मुलाने सुचवली, त्याचं नाव लिहून इतक्या जपून ठेवलं की परत सापडलंच नाही.

आता पद्धत बदलली, एकूण 21 चॅप्टर आहेत ते आधी सरळ संपवते आणि पिक्चरचा दुसरा अर्धा एका बैठकीत. त्यानंतर याच मालिकेतलं पुढचं, 1990 चं 'कॅसल इन द एअर', कोणी वाचलं असेल तर हाउल त्यात किती आहे तेवढं सांगा, बाकी स्पॉइलर नको.