एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी

१९९२ च्या जानेवारीत, स्थापत्य पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असताना, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका राज्यमार्गाच्या कडेला मी सात रात्री जागून काढल्या. वाहतूक गणनेसाठी बांधकाम खाते रोजंदारीवर मुले घेत असे आणि आम्हा दोघा मित्रांच्या वाट्याला रात्रीची पाळी आली होती. मैलकुलीने, म्हणजे रस्त्याच्या देखभालीवरच्या कामगाराने, ताडपत्री बांधून आडोसा करून दिला होता. पेट्रोमॅक्सच्या उजेडात छापील तक्ते मांडीवर घेऊन आम्ही बसायचो; जाणारी वाहने एकाने मोजायची, येणारी दुसऱ्याने. प्रत्येक वाहनाला त्याच्या रकान्यात एक उभी रेघ आणि पाचव्याला चारही रेघांवरून आडवी. पहाटे तीनच्या सुमारास डोळे मिटू लागत आणि नेमक्या त्याच वेळी उसाच्या बैलगाड्यांची रांग घुंगरांचा आवाज करत कारखान्याकडे निघालेली असे.

आमच्या शाखा अभियंत्यांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितले होते, "पोरांनो, झोप लागली तर लागली म्हणून लिहा. अंदाजानं एकसुद्धा रेघ मारू नका, यावर रस्ता बांधायचा असतो." त्या वेळी ते वाक्य मला फक्त दमदाटीचे वाटले होते. पुढे याच क्षेत्रात नोकरी केली, आणि महामार्गांवरच्या सरकारी संशोधनाचा सगळा डोलारा शेवटी रस्त्याच्या कडेला बसून कोणीतरी प्रामाणिकपणे मारलेल्या रेघेवर उभा असतो, याची खात्री दर वर्षी वाढतच गेली.

ही गणना सरकारच्या लहरीप्रमाणे होत नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या १९७२ च्या मार्गदर्शिकेनुसार ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर वर्षातून किमान दोनदा, दर वेळी सलग सात दिवस, चोवीस तास मोजणी करायची असते. एकदा सुगीच्या भरात आणि एकदा वाहतूक मंदावलेली असताना. आमच्या भागात सुगीचा भर म्हणजे गळीत हंगाम. मोजून झालेली वाहने मग एका समान मापात आणली जातात, कारण दुचाकी आणि ट्रक यांची नुसती बेरीज करून रस्त्यावर किती ताण आहे हे कळत नाही. मोटारगाडी हे एकक धरायचे आणि बाकीच्या वाहनांना तिच्या पटीत बसवायचे. १९९० च्या मार्गदर्शिकेत दुचाकीला अर्धा, ट्रक-बसला तीन, ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरला साडेचार आणि बैलगाडीला आठ असे गुणांक दिले आहेत. लहान बैलगाडी असेल तर सहा. एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा ते मला विचित्र वाटले. पण मोटारीपेक्षा फार मोठी नसलेली ती गाडी इतक्या हळू चालते की तिच्यामागे रांग लागते आणि ओलांडून जाणारा प्रत्येकजण समोरून येणाऱ्याच्या वाटेत शिरतो. ती जागेपेक्षा वेळ अधिक अडवते आणि तो वेळच त्या आठात मोजलेला आहे.

असे गुणांक बाहेरच्या देशांतून उसने आणता येत नाहीत, हे समजायला आणि समजून त्यावर काम करायला आपल्याकडे बराच काळ गेला. एखादा रस्ता किती वाहतूक पेलू शकतो हे सांगणारी अमेरिकेतील महामार्ग क्षमतेची संहिता १९५० पासून आहे, पण ती मांडली गेली ती आपापल्या मार्गिकेत एकामागून एक चालणाऱ्या वाहनांसाठी. आपल्याकडे दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून दुचाकी पुढे जाते, साईडपट्टीवरून ट्रॅक्टर चालतो, आणि मार्गिका ही रंगवलेली रेघ एवढ्यापुरतीच असते. दिल्लीच्या मथुरा रोडवरील केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने आणि देशातील तंत्रशिक्षण संस्थांच्या सहभागाने २०१२ ते २०१७ या काळात भारतीय महामार्ग क्षमता संहिता तयार झाली, तेव्हा हे मिश्र वाहतुकीचे वर्तन इथल्याच रस्त्यांवर मोजून लिहिले गेले. माझ्या मते गेल्या काही दशकांतले रस्तेविषयक सरकारी संशोधनातले हे सर्वांत मोलाचे काम आहे, आणि त्याची वर्तमानपत्रांत जितकी दखल घ्यायला हवी होती तितकी घेतली गेली नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक मराठी नाव आहे. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून अभ्यास केलेल्या हजारो विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते. पेट्रोलवर दर गॅलनला दोन आणे अधिभार लावून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभा करावा ही समितीची शिफारस मान्य झाली आणि १ मार्च १९२९ पासून केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. त्यातला २० टक्के भाग केंद्राने राखून ठेवायचा होता आणि त्यातून रस्त्यांवरील प्रयोग व संशोधन यांनाही पैसा द्यायचा होता. १९३४ मध्ये स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस आणि १९५२ मध्ये सुरू झालेली केंद्रीय रस्ते संशोधन संस्था या दोन्हींची बीजे त्याच अहवालात आहेत. देशभरातल्या मुख्य अभियंत्यांनी १९४३ मध्ये नागपुरात बसून पुढच्या वीस वर्षांची रस्ते योजना आखली, ती याच वाटेवरची पुढची पायरी. रस्ता बांधण्याच्या पैशातच रस्ता समजून घेण्याचा पैसा धरलेला असावा, हा विचार एका कायदेपंडिताच्या समितीने इतक्या आधी मांडला याचा मला अभिमान वाटतो.

मोजणीत किती वाहने गेली याच्याइतकेच ती किती वजन घेऊन गेली हेही महत्त्वाचे असते, आणि इथे अंदाजाने मारलेली रेघ फार महाग पडते. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, ओटावा या गावाजवळ, वेगवेगळ्या जाडीचे रस्ते मुद्दाम बांधून त्यांवरून लष्करी चालकांनी चालवलेले ट्रक पुन्हा पुन्हा फिरवले गेले. त्या चाचणीतून निघालेला निष्कर्ष आजही रस्त्याच्या जाडीचे गणित ठरवतो: ॲक्सलवरचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या आसावरचा, भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्या वाढीच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट होत नाही, सोळा पट होते. आपल्याकडे रस्त्याची रचना ८.१६ टनांच्या प्रमाण ॲक्सलवर केली जाते. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका ॲक्सलवरची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. भारातली ही वाढ तेरा टक्क्यांच्या आत आहे, पण चौथ्या घाताने हिशेब केला तर त्या एका ॲक्सलने होणारी झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि असा पूर्ण भरलेला ॲक्सल जवळजवळ चार प्रमाण ॲक्सलांइतका ठरतो. मालवाहतूक स्वस्त व्हावी म्हणून घेतलेल्या निर्णयाला माझा विरोध नाही; मात्र त्याआधी बांधलेल्या रस्त्यांचे आयुष्य त्याने किती घटले हे प्रत्येक रस्त्यावर ॲक्सल भार मोजूनच कळू शकते. रस्ता दोन पावसाळ्यांत उखडला की आपण फक्त डांबराला आणि ठेकेदाराला बोल लावतो. दोष तिथेही असतोच, पण ट्रकचे वजन कोणी केले होते का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

अपघातांच्या नोंदीकडे वळताना मला अलिप्त राहता येत नाही, कारण आमच्या गावाच्या फाट्यावर माझ्या आतेभावाचा पाय गेला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे, पण मृत्यूंमधला त्यांचा वाटा ३६.२ टक्के आहे. सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे दगावली, तर राष्ट्रीय महामार्गावरची ती जागा अपघातप्रवण ठरते आणि तिच्या दुरुस्तीचा विचार सुरू होतो. आमच्या फाट्याच्या मधोमध दोन पोलीस ठाण्यांची हद्द जाते. पंचनाम्यात "अमुक गावच्या हद्दीत, हॉटेलसमोर" एवढेच लिहिले जाई. काही अपघात अलीकडच्या ठाण्यात, काही पलीकडच्या. त्यामुळे एकाच जागी सांडलेले रक्त दोन वह्यांत वाटले गेले आणि कुठल्याच वहीत पाचाचा आकडा पूर्ण झाला नाही. कोणी लपवाछपवी केली असे मी म्हणणार नाही, पण यादीत तो फाटा वर्षानुवर्षे आला नाही हे खरे आहे.

आयआयटी मद्रासने विकसित केलेली एकात्मिक रस्ते अपघात माहिती प्रणाली २०२१ पासून वापरात आली, आणि सुरुवातीला निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलीस कर्मचारी अपघाताच्या जागेवरूनच मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांशासह नोंद करतात. हॉटेल बंद पडले, त्याचे नाव बदलले, तरी जागा हरवत नाही, आणि हद्द कोणाचीही असली तरी ठिपके एकाच नकाशावर पडतात. आमचा फाटा त्यानंतर यादीत आला.

तरीही एका रकान्याबद्दल मला काळजी वाटते. त्याच २०२२ च्या अहवालात ७२.३ टक्के अपघातांचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. वेग जीवघेणा असतोच, पण कारणाच्या रकान्यात "अतिवेग" लिहिले की पुढचा शोध थांबतो. त्या जागी वेग कशामुळे वाढला, समोरचे किती अंतरावर दिसत होते, बंद पडलेल्या ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टी होती का, हे प्रश्न मागे पडतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातील कलम १९८-अ नुसार सदोष रचनेबद्दल रस्त्याच्या जबाबदार संस्थेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण रचनेतला दोष कोणी नोंदलाच नसेल तर ते कलम लागू कशावर करायचे?

गेल्या हंगामात पदविकेच्या दोन विद्यार्थिनींना घेऊन मी त्या फाट्यावर तीन संध्याकाळी बसलो. आम्ही अपघात मोजले नाहीत, होता होता टळलेले प्रसंग मोजले: जोराचा ब्रेक, अचानक मारलेले वळण, हॉर्न देत बाजूला घेतलेली गाडी. कारखान्याकडे उजवीकडे वळणारा ट्रॅक्टर दुभाजकाच्या मोकळ्या जागेत थांबतो, पण त्याच्यामागे दोन ट्रॉल्या असतात, आणि ती जागा एका ट्रॉलीपुरतीच आहे. मागची ट्रॉली वेगवान मार्गिकेत तशीच उभी राहते, आणि तिन्हीसांजेला, दिवे पुरते लागलेले नसताना, मागून येणाऱ्या मोटारचालकाला ती अगदी शेवटी दिसते. आम्ही दुभाजकातले अंतर टेपने मोजून आराखडा काढला आणि संबंधित कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या तरुण अभियंत्या मॅडमनी तो शांतपणे पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सर, हे नेमके किती वाजता होते?" दोघींपैकी एकीने वही पुढे सरकवली. दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना होता, आणि पावसाच्या सरीमुळे ज्या वेळी काहीच दिसले नव्हते तिथे तिने तसे लिहून ठेवले होते.