क्यू६६०० उतरला, झिऑन चढला (नोंद ३)

मागच्या नोंदीत क्यू६६०० (इंटेलचा चार कोरचा जुना प्रोसेसर, जी० स्टेपिंग म्हणजे त्याची सुधारित आवृत्ती) ठरलेल्या वेगापेक्षा वर, ३.२ गिगाहर्ट्झवर स्थिर करून थांबलो होतो. ३.६ वर तो १.४५ व्होल्टच्या आसपास मागायचा. भर एप्रिलात, खोलीतच ३६ अंश असताना, तेवढ्यावर प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण ताण देऊन चुका पकडणारा प्रोग्राम) लावायची माझी काही छाती झाली नाही. ६५ नॅनोमीटरचा म्हातारा तो, किती पळवायचा? म्हणून आता ४५ नॅनोमीटर, म्हणजे आणखी बारीक घडणीची चिप. पी४५ मदरबोर्ड (७७५ सॉकेटचा) मात्र तोच.

क्यू९६५० चा भाव ऐकून फोन ठेवला. उरले क्यू९५५०, त्याचा सर्व्हरकडचा जुळा एक्स३३६० आणि ७७१ सॉकेटचा ई५४५०. शेवटचे दोन झिऑन, म्हणजे इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर. पहिल्या दोघांत निवडण्यासारखं काही नाही: दोन्ही २.८३ गिगाहर्ट्झ, १२ एमबी कॅश, गुणक ८.५ (प्रोसेसरला बोर्डशी जोडणाऱ्या मार्गाचा, म्हणजे एफएसबीचा, वेग × गुणक = प्रोसेसरचा वेग), दोन्ही सरळ ७७५ मध्ये बसतात. सर्व्हरची चिप निवडक म्हणून जास्त चढते, असं छातीठोक सांगणारे बरेच भेटतात. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. डाय (आतला सिलिकॉनचा तुकडा) तीच, बाकी ज्याच्या त्याच्या नमुन्याचं नशीब.

मी बघितला तो गुणक. ई५४५० चा आहे ९, म्हणजे ३.६ साठी एफएसबी ४०० मेगाहर्ट्झ पुरते, ८.५ वाल्यांना ४२४ लागते. या क्वाडमध्ये दोन ड्युअल-कोर डाय शेजारी शेजारी असतात आणि त्यांना एकमेकांशी बोलायलाही एफएसबीच लागते, त्यामुळे ड्युअल-कोरला सहज वर नेणारा बोर्ड क्वाड लावला की लवकर धापा टाकतो. माझा ४१५ ला अडतो. क्यू६६०० चा गुणक ६ वर आणून आधीच तपासलं होतं. शिवाय ४०० ला डीडीआर२-८०० रॅम एफएसबीशी १:१ वर चपखल बसते. ठरलं, ई५४५०.

आधी बोर्डच्या बायोसमध्ये झिऑनचा मायक्रोकोड (प्रोसेसर नीट चालावा म्हणून लागणारा त्याचा आतला कोड) घातला. हे सगळ्यात आधी, नाहीतर एसएसई४.१ ला (प्रोसेसरच्या काही खास सूचनांना) मुकायची वेळ येते. मग, ७७१ ची चिप ७७५ मध्ये चालावी म्हणून, दोन संपर्कबिंदूंची अदलाबदल करणारा स्टिकर चिपच्या पोटाला चिकटवला आणि सॉकेटमधले प्लास्टिकचे दोन दात ब्लेडने छाटले. खाली पिना, वर ब्लेड, श्वास रोखून! दात गेले की चिप चुकीच्या बाजूनेही बसू शकते, म्हणून कोपऱ्यातला त्रिकोण दोनदा बघितला. तरी पहिल्यांदा पडदा काळाच. स्टिकर केसभर सरकला होता. नवा लावला, चालू झालं.

सध्या: ४०० × ९, १.२६ व्होल्ट, प्राइम९५ रात्रभर, एकही चूक नाही. सगळ्यात तापलेला कोर ६९ अंशांवर. दोन कोरचे सेन्सर निवांत असताना ४१ ला अडकून बसतात. ४५ नॅनोमीटरची ही जुनी खोड, त्याच्या वरचे आकडे हलतात तोवर मी तिकडे लक्ष देत नाही.

४१० × ९ रविवारी, पहाटे, पंखा खिडकीत लावून.