हतनूरच्या गाळात चालेल अशी मोटार

मे महिन्यात दुपारनंतर तापीवरच्या हतनूर धरणाच्या पाण्यावर पश्चिमेचा वारा चांगला लागतो, पण दिवस मावळायच्या सुमाराला तो एकदम पडतो. मग चांगदेवजवळच्या तापी-पूर्णा संगमाकडून आमची पंधरा फुटी शिडाची नाव वल्हवत आणायची म्हणजे खांदे भरून येतात. सोबत लहान मुलं असली की अंधार पडायच्या आत काठ गाठायचाच असतो. म्हणून आउटबोर्ड मोटार, म्हणजे नावेच्या मागच्या फळीवर टांगायचं इंजिन, घ्यायचं ठरवलं.

विक्रेत्याने पहिल्यांदा दहा अश्वशक्तीची दाखवली. "दादा, पुढे कमी पडायला नको." मला ते पटलं नाही. शिडाची नाव पाणी कापत जाते, स्पीडबोटीसारखी पाण्यावर उचलली जात नाही. तिचा वेग लांबीने बांधलेला असतो: पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांमधलं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. आमच्या नावेचे १४ फूट धरले तर ५ नॉट, म्हणजे ताशी नऊ-सव्वानऊ किलोमीटर. त्यापुढे कितीही ताकद लावली तरी नुसती लाट उठते आणि पेट्रोल जळतं. माणसांसकट अर्ध्या टनाच्या नावेला दोन-अडीच अश्वशक्ती पुरते. शिवाय दहाची फोर-स्ट्रोक चाळीस किलोच्या आसपास भरते. एवढं वजन मागच्या फळीवर टांगलं की नावेचं बूड मागे बसणार.

मग दांड्याची, म्हणजे इंजिनापासून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या भागाची, लांबी. छोट्या मोटारी साधारण १५ आणि २० इंची दांड्यात येतात. मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत टेप सरळ उभा धरून मोजलं, सतरा इंच भरले. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळापेक्षा इंचभर खाली राहायला हवी, नाहीतर कोणी पुढे सरकलं की शेपटी उचलते आणि पंखा हवा ओढतो. म्हणजे २० इंचीच.

खरा निर्णय मात्र गाळाने केला. धरणात गाळ किती साचलाय हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला वल्हं हातभर रुततं. बहुतेक आउटबोर्ड खालून पाणी ओढून इंजिन थंड करतात. आत रबरी पात्यांचं छोटं चक्र असतं. ओढून घ्यायच्या जाळीची छिद्रं जेमतेम काडीएवढी. शेवाळ अडकलं की पाणी बंद, आणि बारीक गाळ आत गेला की रबर झिजत जातं. धरणावरच्या एका जुन्या मासेमार काकांना मोटारीचा फोटो दाखवला, तर ते लगेच म्हणाले, "भाऊ, पानी ओढत असीन तं गाळबी ओढीन." त्यांनी आउटबोर्ड कधी हाताळलेली नव्हती, पण पाणी ओळखून होते.

म्हणून होंडाची २.३ अश्वशक्तीची, हवेवर थंड होणारी फोर-स्ट्रोक घेतली. पाणी ओढायची भानगडच नाही. आवाज जास्त आहे, हे मान्य. वेगळा रिव्हर्स गिअर नाही, पण सगळी मोटार गोल फिरवून मागे येता येतं, आणि चौदा-पंधरा किलो वजन एका हाताने उचलता येतं.

बॅटरीवरच्या मोटारीचाही विचार केला होता. आवाज नाही, हे मला फार आवडलं असतं. पण ५५ पौंड ओढीची बारा व्होल्टची मोटार पूर्ण वेगात पन्नासेक अँपिअर खाते. शंभर अँपिअर-तासाची साधी बॅटरी तासाभरात निम्मी संपते, आणि ती जड असते. वारा तोंडावर आला तर तेवढ्यावर माझा भरवसा बसला नाही.

मोटार बसली की नाव यंत्रचलित होते, त्यामुळे परवानगी आणि नोंदणीची चौकशी खरेदीआधीच करावी. आणि इंजिन बंद करायच्या कळीला जोडलेली सुरक्षा-दोरी मनगटाला बांधल्याशिवाय मी इंजिन चालू करत नाही. माणूस पाण्यात पडला तर इंजिन तिथेच बंद पडतं.

आता एकच काळजी उरते, पेट्रोलची. पंपावर मिळणारं इथेनॉल-मिश्रित पेट्रोल हवेतली ओल शोषतं. पावसाळ्यात दरवाजे उघडले की नाव काठावरच असते, म्हणून मोटार ठेवण्याआधी टाकी रिकामी करतो, कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल काढतो आणि मोटार ठरलेल्या कुशीवरच आडवी ठेवतो, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं.