ज्यूरी ड्यूटी: सॅन होजेच्या कोर्टातला माझा अनुभव

आमच्या बे एरियातल्या, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या आसपासच्या, मराठी मंडळींत कुणाला ज्यूरी ड्यूटीचं समन्स आलं, म्हणजे खटला ऐकून निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत बसायला कोर्टाने बोलावलं, की सल्ले सुरू होतात, आणि बहुतेक सगळे सुटका करून घेण्याचे. 'सांग, इंग्रजी नीट येत नाही.' हे वीस वर्षं इथे नोकरी करून मुलांच्या इंग्रजी निबंधांत चुका काढणाऱ्यांनी सांगायचं! 'सांग, पोलीस नेहमी खरंच बोलतात असं मला वाटतं.' मला यातलं काही करायचं नव्हतं. त्यामागे उदात्त असं काही नाही, मला हा प्रकार आत जाऊन बघायचा होता.

समन्स खरं तर आधी नवऱ्याला आलं होतं. नावं मतदार याद्यांतून येतात, तशीच ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही येतात, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांच्या घरीही ही पाकिटं पडतात. त्याने 'अमेरिकन नागरिक नाही' या चौकटीत खूण करून फॉर्म परत पाठवला आणि विषय संपला. मी नागरिक आहे, त्यामुळे माझी सुटका नव्हती. अठरा वर्षं पूर्ण, त्याच काउंटीत राहणारी, इंग्रजी समजणारी, एवढ्यात ज्यूरीवर न बसलेली. सगळ्यात मी बसत होते. तारीख सोयीची नसेल तर पुढे ढकलून घेता येते. समन्सकडे दुर्लक्ष मात्र करू नका, दंड होऊ शकतो.

पाकिटात एक ग्रुप नंबर असतो. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी पाचनंतर वेबसाइटवर बघायचं, आपल्या ग्रुपला दुसऱ्या दिवशी बोलावलंय का. बरेच जण घरबसल्याच सुटतात. माझ्या ग्रुपसमोर एके संध्याकाळी 'हजर राहा' असं आलं. मॅनेजरला कळवलं, डबा भरला. भारतातून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ज्यूरी म्हणजे त्या नानावटी केसमधली ना गं?"

तीच. १९५९ साली मुंबईच्या सेशन्स कोर्टात नऊ जणांच्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी नौदलातल्या कमांडर नानावटींना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. त्या एका खटल्यामुळे भारतातली ज्यूरी गेली, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. पण लॉ कमिशनने १९५८ मध्येच ज्यूरी बंद करा म्हटलं होतं. १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने उरलीसुरली काढून टाकली. पारशी विवाहाच्या कोर्टात डेलिगेट, म्हणजे समाजातले नेमलेले लोक, बसतात, तेवढा तिचा अवशेष आपल्याकडे राहिला. सासूबाईंना एवढं सगळं ऐकायचं नव्हतं. त्यांचा प्रश्न होता, "मग तू त्याला फाशी देणार?" फाशीचे खटले सोडले तर शिक्षा जज देतात, ज्यूरीने फक्त गुन्हा सिद्ध झाला की नाही ते सांगायचं, हे ऐकून त्या जरा निराशच झाल्या.

सॅन होजेच्या वेस्ट हेडिंग स्ट्रीटवर हॉल ऑफ जस्टिस आहे, फौजदारी खटले तिथे चालतात. आत शिरताना विमानतळासारखी तपासणी. डब्यातला स्टीलचा चमचा दोनदा बघितला, पण जाऊ दिला. ज्यूरी असेंब्ली रूममध्ये सगळे लॅपटॉप उघडून बसलेले. एक व्हिडिओ दाखवतात, मग नुसतं थांबायचं. अर्धाअधिक वेळ या थांबण्यातच जातो, तेव्हा पुस्तक न्या.

नावं पुकारली आणि आम्हाला एका डिपार्टमेंटमध्ये पाठवलं. कोर्टरूमला इथे डिपार्टमेंट म्हणतात. खटला घरफोडीचा होता. जजबाईंनी आरोपीची ओळख करून दिली, तेव्हा तो उठला, आमच्याकडे वळला आणि 'गुड मॉर्निंग' म्हणाला. पंचविशीतला असेल. अंगातला पांढरा शर्ट नुकताच पाकिटातून काढलेला, छातीवर घड्यांच्या चौकोनी रेघा तशाच. नंतर दोन्ही वकील काय काय बोलले त्यातलं निम्मं विसरले, त्या घड्या अजून दिसतात.

आधी अडचणींची सुनावणी. खटला अंदाजे दोन आठवडे चालणार, कुणाला खरंच जमणार नाही? एका व्हिएतनामी आजीबाईंवर आजारी नवऱ्याची जबाबदारी होती, त्या सुटल्या. रोजंदारीवरचा एक इलेक्ट्रिशियन सुटला. कायद्याने मालक नोकरीवरून काढू शकत नाही, पण त्या दिवसांचा पगार द्यायलाच हवा असंही नाही. स्टार्टअपवाल्या एका तरुणाने 'माझं प्रॉडक्ट लाँच आहे' म्हणून बरंच काही ऐकवलं. जजबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बसा."

मग खरी निवड, तिला व्ह्वार डिअर म्हणतात. अठरा जणांना पुढे बसवतात: बारा ज्यूरी बॉक्समध्ये, सहा त्यांच्या पुढच्या खुर्च्यांत. नावाने नाही, नंबरने हाक. मी आठ नंबरच्या खुर्चीत. हातात प्रश्नांचा कागद: काम काय करता, घरात कोण कोण, ते काय करतात, आधी ज्यूरीवर बसलात का, नात्यात पोलीस किंवा वकील आहेत का, तुम्ही किंवा जवळचं कुणी गुन्ह्याचा बळी ठरलंय का. खरं बोलण्याची शपथ आधीच झालेली असते. चारचौघांत सांगण्यासारखं नसेल तर जजना बाजूला सांगता येतं.

शेवटच्या प्रश्नाशी मला थांबावंच लागलं. आमच्या घरी घरफोडी झाली होती. भारतीय घरांत सोनं असतं हे बे एरियातल्या चोरांना पक्कं माहीत आहे. सासूबाईंच्या पाटल्या, माझी मोहनमाळ, मुलीच्या बारशाच्या वाळ्या, सगळं गेलं. चोर सापडला नाही. हे सगळं पन्नासेक अनोळखी माणसांसमोर सांगताना, त्या घड्यांच्या शर्टवाल्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही माझी नजर तिकडे गेलीच.

जजबाईंनी विचारलं, ते बाजूला ठेवून इथल्या पुराव्यावरच निर्णय घेता येईल का? मी म्हणाले, घेता येईल. आमच्या पाटल्यांशी या माणसाचा काही संबंध नाही. हे मनापासूनचं होतं. माझ्या मागे बसलेल्या एका गृहस्थांना तसं सांगता आलं नाही. त्यांची गाडी फोडली गेली होती, आणि 'पोलिसांनी पकडलाय म्हणजे काहीतरी केलंच असणार,' यावर ते ठाम राहिले. जजबाईंनी तीन-चार प्रकारांनी विचारून पाहिलं, शेवटी त्यांना जायला सांगितलं. पूर्वग्रहाच्या अशा उघड कारणावरून कितीही जणांना काढता येतं.

आरोपीच्या वकिलाने एका बाईंना विचारलं, "आत्ता या क्षणी मत द्यायचं झालं तर काय द्याल?" त्या म्हणाल्या, "अजून काहीच ऐकलं नाही, कसं सांगू?" पुढच्याचंही तेच, त्याच्या पुढच्याचंही. मग त्याने सगळ्यांकडे वळून सांगितलं: निर्दोष. पुरावा आलाच नाही, म्हणजे निर्दोष. कायद्याने उत्तर एकच आहे. पाठ्यपुस्तकात हे कुणीही वाचलेलं असतं, पण तिथे बसलेल्या शहाण्या माणसांपैकी एकालाही ते पटकन सुचलं नाही, ही गंमत बघण्यासारखी होती.

सरकारी वकील तरुण होता. कोर्टात त्याची बाजू 'पीपल' या नावाने ओळखली जाते, म्हणजे कॅलिफोर्नियाची जनता. त्याने आधी सोपा प्रश्न टाकला: कुणी ओल्या रेनकोटने आत आलं, तर बाहेर पाऊस पडतोय असं म्हणाल ना? कोकणात वाढलेल्या माणसाला हे काय विचारायचं! मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एकच साक्षीदार आहे, आणि त्याच्यावर तुमचा पूर्ण विश्वास बसला. तेवढ्यावर दोषी ठरवाल?" इथल्या कायद्यात एका साक्षीदारावरही गोष्ट सिद्ध होऊ शकते. पण मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते; एकदा दिसलेली गोष्ट पुन्हा, दुसऱ्या वाटेने तपासल्याशिवाय मी पास करत नाही. तसंच सांगितलं: कायदा सांगाल तसा पाळीन, पण दुसरं काहीतरी जुळतंय का ते मी शोधेनच. त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

दिवस संपला. दुसऱ्या दिवशी परत या, आणि खटल्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही, इंटरनेटवर शोधायचं नाही. टिळकांबद्दल वाचायला मनाई नव्हती. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात सरकारने खास ज्यूरी मागितली, टिळकांच्या बाजूने विरोध झाला, तरी न्यायमूर्ती दावर यांनी ती मंजूर केली. हेच दावर वकील असताना १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या बाजूने उभे राहिले होते! ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल ७ विरुद्ध २, आणि मंडालेची सहा वर्षं. १८९७ चा निकालही तसाच, ६ विरुद्ध ३. युरोपियन एका बाजूला, भारतीय दुसऱ्या. 'ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे' हे टिळकांचे शब्द मुंबई हायकोर्टात दगडात कोरलेले आहेत. शाळेत आम्ही ते शब्द पाठ केले, पण ते नऊ जण खुर्च्यांवर आले कसे, हे कुणी शिकवलं नाही. माझ्या मते खटल्याचा निम्मा निकाल तिथेच लागला होता.

दुसऱ्या सकाळी तोच भाग आला. दोन्ही बाजूंना कारण न देता ठरावीक लोक काढता येतात. अशा फौजदारी खटल्यात दहा-दहा. वंशावरून कुणाला काढायचं नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये बॅटसन विरुद्ध केंटकी खटल्यात सांगितलं. पण वकिलाने दुसरं एखादं बरं कारण पुढे केलं की ते बहुधा खपून जायचं. कॅलिफोर्नियाने त्यावर कायदा केला. २०२२ पासून फौजदारी खटल्यात समोरच्या बाजूने हरकत घेतली की कारण सांगावं लागतं, आणि काही कारणं मुळातच संशयास्पद धरली जातात: पोलिसांवर विश्वास नाही म्हणणं, इंग्रजी मातृभाषा नसणं, दुसरी भाषा येणं, अगदी पेहरावसुद्धा. तेव्हा ज्यांना आपल्या उच्चारांची भीती वाटते त्यांनी खुशाल जावं.

वकील आळीपाळीने उठत होते. आरोपीचा वकील मला काढणार, हे मी गृहीत धरलं होतं. घर फोडलं गेलेली बाई तो कशाला ठेवेल? त्याने पाच नंबरला काढलं, मग अकरा नंबरला, माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेवढ्यात तो तरुण सरकारी वकील उठला. "द पीपल थँक अँड एक्सक्यूज ज्यूरर नंबर एट." कुणी हरकत घेतली नाही, त्यामुळे कारण कुणी सांगितलं नाही. मला ते रेनकोटनंतरचं उत्तर वाटतं, पण हा माझा अंदाज.

खरं सांगायचं तर वाईट वाटलं. टाळण्याचे इतके सल्ले मिळाले होते, आणि मला तर बसायचं होतं! माझ्या जागी तो प्रॉडक्ट लाँचवाला तरुण आला, चेहरा पाडून. बाराच्या बारा जणांचं एकमत झाल्याशिवाय निकाल नाही, हे माहीत असल्याने त्याच्याबरोबर बंद खोलीत बसणाऱ्या अकरा जणांची मला थोडी काळजीच वाटली.

ऑफिससाठी हजेरीचं पत्र मिळालं. आता वर्षभर तरी बोलावणार नाहीत. पहिल्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून १५ डॉलर आणि प्रवासाचे मैलामागे ३४ सेंट. चेक पोस्टाने आला. सासूबाई म्हणाल्या, सरकारचा चेक आहे, देवापुढे ठेव. मी त्याच दिवशी फोनवरून बँकेत भरून टाकला.